खरं फ्लेमेंको म्हणे

परवा जेवताना 'एन्त्रे दोस आग्वास' लावलं होतं, स्पेनच्या फ्लेमेंको संगीतातली गिटारची धून, तर दादा ताटातून वर पण न बघता म्हणाला, हे काही खरं फ्लेमेंको नाही गं, हॉटेलात लावतात तसलं आहे. आणि भात घेतला. त्याचा विषय संपला. माझा अजून चालूये.

एवढं लागायचं कारण काय? मी काय आंदालुसियाची आहे, स्पेनमधल्या त्या फ्लेमेंकोच्या माहेरची? पण घरात माझ्या आवडीचं नेहमी हेच, साड्यांचं तेच, त्या नोकरीचं तेच, जाऊ दे.

ठीक आहे, रुंबा आहे ती, म्हणजे हलकाफुलका नाचरा प्रकार, 1973 ची, खाली बास आणि बाँगो, ते हाताने वाजवायचे छोटे ड्रम, वर पाको दे लुसियाची गिटार. बाँगो आले म्हणून खोटं? मग ते काखोन, ज्या लाकडी खोक्यावर बसून वाजवतात, जे दादाला एकदम अस्सल वाटतं, ते पाकोनेच पेरूहून आणलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी! म्हणजे ही परंपरा आमच्या आईच्या लग्नानंतरची. आणि 1979 ला कामारोनने, फ्लेमेंकोचा मोठा गायक तो, स्पॅनिश कवी लोर्काच्या कविता ड्रम्स, इलेक्ट्रिक बास आणि चक्क सतार घेऊन गायल्या तेव्हा लोक म्हणे रेकॉर्ड दुकानात परत द्यायला आले, हा आमचा कामारोन नव्हेच. आज त्याच रेकॉर्डचे गोडवे गातात.

हे सगळं मला तेव्हा सुचलं असतं तर. सुचलं नाही, कारण आतून वाटलं की दादा बरोबर असेल. जुनं कांते, म्हणजे फ्लेमेंकोचं गाणं, नुसता गळा आणि एक गिटार, लावलं की पोटात काहीतरी कालवतं आणि दहा मिनिटांत मी बंद करते. मग मला सोपं तेवढंच आवडतं का? हेच खुपतंय. दादा नाही, हे.

रात्री ओट्याशी उभी राहून बुलेरियाच्या, म्हणजे फ्लेमेंकोतल्या एका जलद प्रकाराच्या, टाळ्या मोजत होते. बारा मात्रा, मोजणी बाराच्या आकड्यापासूनच सुरू, जोर बारा, तीन, सहा, आठ, दहावर. वाटलं एकताल पण बाराचाच की, जमेल. कसलं जमतंय. सहापर्यंत बरं चालतं, मग तीन-तीनचं एकदम दोन-दोन होतं आणि हात आठच्या ऐवजी नऊवर पडतो. कुकरची शिट्टी झाली ती पण ऑफबीट.

आणि गंमत म्हणजे पाकोची शेवटची रेकॉर्ड, 2014 ला तो गेल्यावर आलेली, त्यात आहेत लहानपणी कानावर पडलेल्या जुन्या कोपला, रेडिओवरची गाणी. आयुष्यभर जुन्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि जाताना हे. दादाला कळलं तर म्हणेल बघ, आला ना परत. अजिबात सांगणार नाहीये.

उद्या सोलेआ लावीन, तोही फ्लेमेंकोचाच प्रकार. बाराच मात्रा, पण संथ. नऊवर चुकायला निदान वेळ तरी मिळेल.