तुम्ही विचारलंत म्हणून : फौजेने संसार मोडला का?

गावात कुणाच्या मुलीला फौजी मुलाचे स्थळ आले की तिचे वडील माझ्याकडे येतात, आणि पीकपाणी, कापसाचा भाव असे बोलणे झाल्यावर हळूच विचारतात, “हवालदारसाहेब, तुमचा संसार फौजेमुळेच मोडला का?” विचारताना त्यांना संकोच होतो. मला होत नाही, कारण ज्याची लेक सासरी जायची आहे त्याने हे विचारलेच पाहिजे.

फौजेने आम्हाला दूर ठेवले हे खरे आहे. १९८३ साली मी भरती झालो, सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात प्रशिक्षण झाले आणि लग्नानंतरची बहुतेक वर्षे फील्डमध्ये गेली, जिथे कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब नेता येते अशा ठिकाणी, बदली झाली तरी क्वार्टरसाठी नंबर लागावा लागतो, आणि आमचा नंबर यायच्या आत पलटण पुन्हा हललेली असे. रजा मिळे ती पेरणी किंवा वेचणी धरून घ्यावी लागे, म्हणजे घरी आलेला नवरा दिवसभर वावरातच.

पण दूर राहूनही टिकलेले संसार माझ्या पलटणीत पुष्कळ होते. आमचा मोडला तो घरच्या रीतीमुळे, असे माझे ठाम मत आहे. यवतमाळ जिल्ह्यातली आमची शेती कोरडवाहू. कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत दिला की पैसे हप्त्यांनी येत, आणि सोसायटीचे देणे मात्र थांबत नसे. माझा पगार हाच घरातला रोख पैसा होता. मनीऑर्डर बाबांच्या नावाने जाई, कारण घरचा कर्ता तो, आणि मुलीच्या औषधासाठीसुद्धा माझ्या बायकोला सासूपुढे हात पसरावा लागे. माझे आंतरदेशीय पत्र आले की धाकटा भाऊ ओसरीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवी. तिला चांगले वाचता येत होते, तरी पत्र तिच्या हाती पडे ते सर्वांचे ऐकून झाल्यावर. तिचे पत्रही पोस्टात टाकायला त्याच्याकडेच द्यावे लागे, त्यामुळे ९९ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावर मला जे मिळे त्यात सर्व खुशाल असल्याचे आणि पावसाचे वर्तमान एवढेच असे. मग बाबांच्या आजारपणात तिच्या माहेरचे सोने गहाण पडले. तिला कुणी विचारले नाही. ती मुलीला घेऊन माहेरी गेली आणि परत आली नाही. तिच्या जागी दुसरी कुणीही आली नसती.

घटस्फोट परस्पर संमतीने झाला. त्यासाठी नवरा-बायको किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत, अशी हिंदू विवाह कायद्यात अट आहे. न्यायाधीशांनी विचारले, “कधीपासून वेगळे राहता?” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण आमच्या लग्नाला वर्षे झाली होती आणि एकत्र काढलेले दिवस रजेतले होते. शेवटी वकिलाने तारीख सांगितली. एका नातेवाइकाने त्याआधी सुचवले होते की सैनिकांच्या खटल्यांसंबंधीच्या १९२५ च्या कायद्याचा आधार घेऊन प्रकरण लांबवावे. सीमेवर असलेल्या जवानाच्या पाठीमागे एकतर्फी निकाल होऊ नये यासाठी तो कायदा आहे, एका बाईला तिष्ठत ठेवण्यासाठी नाही. म्हणून मी रजा घेऊन हजर राहिलो.

घटस्फोटानंतर तिला फौजी रुग्णालय, कॅन्टीन, कुटुंब निवृत्तिवेतन यांतले काहीच उरले नाही. तिने शिलाईवर मुलीला वाढवले, आणि मुलीच्या नावाने मी पाठवत असलेले पैसे तिला तिच्या सहीने मिळत, हे मला आजही बरे वाटते.

तेव्हा मुलाचा हुद्दा आणि जमीन विचारून थांबू नका. लग्नानंतर पत्नीचे नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या अधिकृत नोंदीत, लगेच चढवणार का, बँकेत दोघांचे खाते उघडणार का, क्वार्टर मिळाले तर सून पाठवणार की शेतीच्या कामाला ठेवून घेणार, हे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना एकत्र बसवून विचारा. आणि विचाराल तेव्हा तुमची मुलगीही तिथे बसलेली असू द्या.