शब्द माझे, चित्रं तिची

माझी चार वर्षांची भाची पुस्तक घेऊन मांडीवर बसली की आमची कामाची वाटणी ठरलेली. शब्द माझे, चित्रं तिची. तिला अजून अक्षरओळख नाही, तरी ती माझ्यापेक्षा जास्त वाचते, हे जरा उशिराच माझ्या लक्षात आलं.

निमित्त झालं ‘गुडनाइट मून’चं. १९४७ सालचं पुस्तक. शब्द मार्गारेट वाइज ब्राउन यांचे, चित्रं क्लेमंट हर्ड यांची. गोष्ट अशी काही नाहीच. सशाचं पिल्लू झोपण्याआधी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतं, बस्स. मी खुर्ची, फणी, कंगवा करत पुढे निघाले, तोच पानावर बोट आडवं आलं. “थांब, उंदीर!” खोलीच्या प्रत्येक रंगीत चित्रात तो एवढासा उंदीर जागा बदलत असतो. मग आम्ही मागे गेलो. तेव्हा दिसलं की घड्याळही सरकतंय, सातापासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत, आणि खोली हळूहळू अंधारत जातेय. यातलं काहीही मला दिसलं नव्हतं. मी वाचत होते ना!

मॉरिस सेंडॅक यांनी तर १९६३ मध्ये आमच्यासारख्यांची बोलतीच बंद केली. त्यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या राक्षसांच्या पुस्तकात चित्रं पानागणिक मोठी होत जातात आणि ऐन धिंगाण्यात सलग तीन जोडपानं एकही शब्द नाही. मला गप्प बसवेना. “बघ, कसे नाचतायत,” असं काहीबाही सुरू केलं, तर तिने सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला.

कवितांचा मामला वेगळा. तिथे तिचे कान माझ्या मागावर असतात. एडवर्ड लिअर यांनी १८४६ मध्ये स्वतःच्या चित्रांसह छापलेल्या चिमुकल्या वात्रटिकांत एका म्हाताऱ्याच्या दाढीत पक्षी घरटी करतात: दोन घुबडं, एक कोंबडी आणि आणखी बरेच. मी ते ओढूनताणून मराठी यमकात बसवलं होतं. माझ्या दृष्टीने कच्चा खर्डा. पण तिच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ.

परवा मला पेंग येत होती. तिचेही डोळे मिटलेले. मी हळूच एक ओळ गाळली.

“मावशी, कोंबडी कुठे गेली?”