वणव्याचा दिवस ओळखणे

वणव्याची बातमी आली की आग कोणी लावली, हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. ती नेमकी त्याच दिवशी का पसरली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियात २३ जुलै २०१८ रोजी एका ट्रेलरचे टायर फुटले, उघडी पडलेली धातूची रिम डांबरी रस्त्यावर घासत गेली आणि उडालेल्या ठिणग्या कडेच्या वाळलेल्या गवतात पडल्या. त्यातून भडकलेल्या वणव्यात २ लाख २९ हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि माणसेही दगावली. त्यानंतर चारच दिवसांनी त्याच राज्यात गांधीलमाश्यांचे जमिनीतील पोळे बुजवण्यासाठी एका माणसाने लोखंडी खुंटी हातोडीने ठोकली आणि त्या ठिणगीने ४ लाख एकरांहून अधिक जमीन जाळली. या दोघांपैकी कोणाच्याही मनात काही वाईट नव्हते, आणि हीच कृत्ये पावसाळी दिवशी घडली असती तर कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

जळण किती जाड आहे यावर ते किती लवकर वाळते हे ठरते. गवत, गळलेली पाने, बोटापेक्षाही बारीक काटक्या हवेतील ओलाव्याशी साधारण तासाभरात जुळवून घेतात, तर जाड ओंडक्यांना त्यासाठी कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच ‘परवाच तर पाऊस झाला’ हा दिलासा फसवा असतो. पहाटे दवाने भिजलेले गवत, हवा कोरडी असेल आणि वारा वाहत असेल, तर दुपारपर्यंत काडी लागताच पेटण्याइतके वाळलेले असते. याउलट दीर्घ अवर्षणात ओंडकेही आतपर्यंत वाळतात आणि मग लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहते. त्यात उताराची भर पडते. ज्वाळा चढाच्या बाजूच्या जळणाला आधीच तापवून ठेवतात, त्यामुळे उतार दर दहा अंशांनी वाढला की आगीचा चढता वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. भरपूर पावसाचे वर्षही निर्धास्त राहण्याचे नसते, कारण त्या पावसावर माजलेले गवत पुढच्या कोरड्या ऋतूत जळण म्हणून उभे असते.

वीज पडूनही वणवे लागतात. पण अमेरिकेतील १९९२ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या तेव्हा ८४ टक्के वणव्यांचा उगम माणसाकडे असल्याचे आढळले. विजांचे वणवे मुख्यतः उन्हाळ्यात एकवटलेले असतात, माणूस मात्र वर्षाच्या ज्या महिन्यांत विजा जवळजवळ नसतातच त्या महिन्यांतही ठिणगी पुरवतो, आणि त्यामुळे तेथील वणव्यांचा हंगाम सुमारे तिप्पट लांबलेला दिसला. मला यात निराशेपेक्षा आशा अधिक दिसते, कारण विजेला कोणी थांबवू शकत नाही, माणसाच्या हातून पडणारी ठिणगी मात्र थांबवता येते.

शेकोटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी स्वतःची समजूत बराच काळ चुकीची होती. एकदा मुक्कामाच्या रात्री आम्ही निखाऱ्यांवर भरपूर माती लोटली आणि आग विझली असे मानून झोपलो. सकाळी ती माती बाजूला केली तेव्हा खालचे निखारे लालबुंद होते. माती निखारे झाकते, त्यांची धग टिकवून धरते, आणि जमिनीत कुजका पालापाचोळा किंवा मुळे असतील तर आग आतल्या आत सरकत जाऊन काही दिवसांनी भलतीकडेच वर येऊ शकते. आता मी पाणी ओततो, काठीने राख ढवळतो, पुन्हा पाणी ओततो आणि शेवटी हाताची पालथी बाजू आधी राखेजवळ नेऊन, मग राखेला लावून पाहतो. ऊब लागली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाणी पुरेसे नसेल तर शेकोटी पेटवत नाही. पेटवलेल्या कचऱ्याच्या ढिगाचेही असेच आहे. वरून राख दिसते आणि दोन दिवसांनी जोराचा वारा सुटला की आतला विस्तव जागा होतो.

यंत्रांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गवत कापणाऱ्या यंत्राचे पाते दगडावर आपटले की ठिणगी उडते, आणि वणव्याच्या भीतीने वाळलेले गवत कापायला निघालेला माणूसच वणवा लावून बसतो. हे काम गवत हिरवे असताना, निदान सकाळच्या ओलाव्यात उरकावे. वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये, कारण गाडीखालची तापलेली धुराची नळी गवताला टेकते. विजेच्या तारांपुढे एकटा माणूस हतबल असतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाईज गाव ज्या आगीत बेचिराख झाले आणि ८५ जणांचा बळी गेला, ती वीजवाहिनीतील बिघाडातून लागली होती. तेथे वाहिन्यांची देखभाल आणि धोक्याच्या वाऱ्यात वीजपुरवठा बंद ठेवण्याची तयारी हेच उपाय आहेत.

ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२२ पासून वणव्याच्या धोक्याच्या चारच पातळ्या ठेवल्या आहेत आणि प्रत्येक पातळीला काय करायचे तेही सांगितले आहे. मला ही पद्धत फार योग्य वाटते. आग पेटवण्यावर बंदी आली की अनेकांना ती सरकारी अडवणूक वाटते, पण त्या आदेशामागे वारा, तापमान, आर्द्रता आणि जळणाचा कोरडेपणा यांचा रोजचा हिशेब असतो. बंदी जाहीर झालेली नसली तरी तो हिशेब आपल्यालाही करता येतो: पायाखालचे गवत मुठीत चुरडून पाहावे, झाडांचे शेंडे किती हलतात ते पाहावे, आणि मग काडेपेटीला हात घालावा की नाही ते ठरवावे.