बुद्धिबळ स्पर्धेआधीचे सहा आठवडे: ओपनिंग निवडतानाचा माझा अनुभव

स्पर्धा सात फेऱ्यांची, स्विस पद्धतीची (दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांशी गाठ), क्लासिकल म्हणजे लांब वेळेची. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या अभ्यासलेल्या चाली, त्यासाठी ठरवायची होती. हाताशी सहा आठवडे होते. सात फेऱ्या म्हणजे निदान तीन डाव काळ्याने खेळावे लागणार हे धरूनच चालायचं, आणि माझं दुखणं नेमकं काळ्याचंच होतं.

दोन वर्षं मी पांढऱ्याच्या ई४ला उत्तर म्हणून सिसिलियन बचावातला नायडॉर्फ प्रकार खेळत होते. फिशर आणि कास्पारोव्ह या जगज्जेत्यांचं हे हत्यार, म्हणून अठरा-अठरा चालींपर्यंत पाठ केलेलं. तयारीला बसले तेव्हा आधी जुन्या स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेले कागद, काढल्या. ई४ला सी५ने उत्तर दिलेले, म्हणजे सिसिलियनचे, २३ डाव निघाले (ई४, सी५ ही पटावरच्या घरांची नावं; नुसतं घर लिहिलं की तिथे प्यादं ढकललं). त्यांतल्या फक्त ४ डावांत पाचव्या चालीला ए६ खेळायची, म्हणजे खरी नायडॉर्फ सुरू व्हायची, वेळ आली होती. बाकीच्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या चालीलाच वाट बदललेली. कोणी सी३ खेळून अलापिन, कोणी उंट सी४वर, कोणी प्यादं सोडून स्मिथ-मोरा. जे पाठ केलं ते पटावर येत नव्हतं आणि जे पटावर येत होतं ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. हे आकडे समोर आल्यावर नायडॉर्फ सोडायचा निर्णय एका संध्याकाळीत झाला. जड गेला, पण झाला.

मग हवं होतं असं काहीतरी, ज्यात प्याद्यांची रचना माझ्या हातात राहील. ई४ला ई६ने उत्तर देणारी फ्रेंच चार दिवस खेळून पाहिली. ई६ खेळलं की सी८चा उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकतो, आणि तो बाहेर काढण्यातच माझा अर्धा डाव जायचा. ई४लाच दुसरं उत्तर असलेल्या कारो-कानमध्ये आधी सी६, मग डी५, आणि बऱ्याच वेळा उंट बाहेर पडल्यावरच ई६. त्याची किंमतही आहे. घोड्याची सी६ची जागा प्यादं घेतं, आणि पुढे सी५ खेळायचं तर एकाच प्याद्याच्या दोन चाली होतात. ही किंमत मला परवडण्यासारखी वाटली. पांढऱ्याने डी४ने सुरुवात केली तर त्यासाठी स्लाव्ह घेतली, कारण तिथेही सी६-डी५ हीच भिंत. एका रचनेचा अभ्यास दोन्हीकडे कामी येणार होता.

पांढऱ्याने खेळताना डी४ने सुरू होणाऱ्या लंडन सिस्टिमचा मोह झाला होता. पण ई४-ई५च्या पटांची माझी जुनी ओळख वाया घालवायला मन होईना. म्हणून ई४-ई५मधली इटालियन ओपनिंगच ठेवली, सी३ आणि डी३ अशी संथ. सिसिलियनविरुद्ध मात्र अलापिन घेतली. ती काळ्याला कुठे टोचते हे मी दोन वर्षं सोसून शिकले होते.

सरावाला एक मैत्रीण होती. माझ्यापेक्षा बरीच वरचढ. तिने एकच अट घातली. वहीत प्रत्येक चालीसमोर कारण लिहायचं. मी चाल सांगितली की ती विचारायची, "का गं?" उत्तर देता आलं नाही तर ती ओळ खोडायची. पहिल्या दिवशी दीड पान खोडलं गेलं. रागही आला. पण सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त कामाला आली ती हीच वही.

तिसऱ्या फेरीत ते दिसलं. कारो-कान एक्स्चेंज (पांढरा डी५वर प्याद्यांची मारामारी करतो तो प्रकार), सहाव्या चालीला मी उंट जी४वर नेला आणि समोरच्याने वजीर बी३वर आणला. १९७०मध्ये बेलग्रेडला फिशर पेट्रोशियनविरुद्ध हेच खेळला होता. उंट सी८ सोडून गेला की बी७ उघडं पडतं, म्हणून वहीत वजीर डी७ लिहिलेलं होतं, कारणासकट. दोन मिनिटांत खेळून टाकलं. पुढे बी५, बी४ ढकलत त्याचं सी३चं प्यादं कमजोर केलं आणि ४१व्या चालीला डाव जिंकला.

सहाव्या फेरीत पुन्हा काळा. ई४, सी६, घोडा सी३, डी५, घोडा एफ३. मी ई४वर मारलं, त्याने घोड्याने परत घेतलं, मी उंट एफ५वर नेला. मुख्य लाइनमध्ये, म्हणजे पांढऱ्याने दुसऱ्या चालीला डी४ खेळलेलं असतं तेव्हा, हेच करतात, हात सवयीने गेला. घोडा जी३, उंट जी६, एच४, एच६. इथपर्यंत सगळं ओळखीचं. आणि त्याने घोडा ई५वर टाकला. मुख्य लाइनमध्ये याच वेळी तो घोडा जी१वरून एफ३ला येत असतो, म्हणून घोडा डी७ला नेऊन ई५ची जागा सांभाळायला आपल्याला एक चाल मिळते. इथे तो आधीच एफ३वर होता. ती चाल मला मिळालीच नाही. उंट एच७वर मागे घेतला, त्याने वजीर एच५वर आणून एफ७वर मात करायची धमकी दिली. मी जी६ खेळले, वजीर हाकलला असं वाटलं, तर त्याने उंट सी४वर आणला. वजीर मारावा तर उंटाने एफ७वर मात. वीस मिनिटं पटाकडे बघत बसले, मग ई६. वजीर निवांत ई२ला परतला आणि आता घोडा एफ७वर फुटायला तयार होता. २८व्या चालीला मी डाव सोडला.

सातवी फेरी बरोबरीत सुटली. एकूण साडेचार गुण झाले. घरी पोचल्यावर पट लावला आणि मैत्रिणीला फोन केला. चाली सांगत गेले. उंट एफ५वर आल्यावर ती म्हणाली, "का गं?"

वहीत लाल पेनने ओळ घातली: दोन्ही घोडे आधी बाहेर आले आणि डी४ झालं नाही, तर तिसऱ्या चालीला उंट जी४. समोर कारण: ई५वर जाणारा घोडा जखडला जातो, एच३ आलं तर तो मारून मग ई६.