बंद रेडिओचा झटका

पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातून एका रविवारी आणलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ मी उघडून बसलो, तेव्हा त्याचा प्लग काढून पाच मिनिटे होऊन गेली होती. तरीही डाव्या हाताने चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, उलटी धरून उजव्या हाताचे बोट वीज साठवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरच्या टॅगला लागताच असा झटका बसला, की चॅसी हातातून सुटली आणि तिला जोडलेली डायलची काच फरशीवर आपटून तडकली. मला फारसे काही झाले नाही. पण एक हात चॅसीवर आणि दुसरा कंडेन्सरवर असल्यामुळे तो झटका छातीतून आरपार गेला होता, हे कळायला थोडा वेळ लागला.

रेडिओ मुळात चालतच नव्हता. व्हॉल्व्ह उजळत नाहीत, म्हणजे आत वीजच पोहोचत नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष मी काढला होता. हा सेट मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, बाजूला ट्रान्सफॉर्मर नसलेला, ज्याला एसी-डीसी सेट म्हणतात त्या जातीचा आहे. यात यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशा व्हॉल्व्हची फिलॅमेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागोमाग एक सिरीजमध्ये जोडलेली असतात आणि सगळ्यांतून १०० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. दिवाळीच्या माळेप्रमाणे एकाचे फिलॅमेंट तुटले की सगळी माळ विझते. मूळ रचनेत ही एक प्रकारची सुरक्षितताच होती, कारण यूवाय ८५ हा रेक्टिफायरही (एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह) थंड पडत असल्याने पुढे विजेचा उच्च दाब तयारच होत नसे. माझ्याआधीच्या कोणा हौशी कारागिराने मात्र यूवाय ८५ काढून तिथे दोन-चार रुपयांचा १एन ४००७ डायोड बसवला होता आणि फिलॅमेंटच्या जागी एक रेझिस्टर. डायोडला तापावे लागत नाही. त्यामुळे इतर व्हॉल्व्ह थंड असतानाही कंडेन्सर २३० व्होल्टच्या शिखरापर्यंत, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरत होता, आणि ती वीज ओढून घेणारे पुढे कोणीच नसल्याने प्लग काढल्यावरही भरलेलाच राहत होता. एकूण १०० मायक्रोफॅरड धरले तर ही ऊर्जा सुमारे ५ ज्यूल होते.

धोक्याचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. या सेटमध्ये चॅसी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग एका बाजूने घातला तर चॅसी न्यूट्रलला लागते, उलटा घातला तर फेजला, म्हणजे जिवंत तारेला. प्लग सुलट बसला तरी ज्या सेटमध्ये खटका चॅसीकडच्या तारेवर असतो, तिथे खटका बंद करताच चॅसीचा न्यूट्रल तुटतो आणि फेज फिलॅमेंटच्या साखळीतून चॅसीवर येऊन थांबतो. म्हणजे रेडिओ सुरू असताना चॅसीला लावलेला टेस्टर पेटत नाही, बंद केल्यावर पेटतो! नॉबच्या स्क्रूतून हीच वीज बोटापर्यंत येऊ शकते, म्हणूनच जुन्या कंपन्या तो स्क्रू खोल बसवून वरचे भोक मेणाने बुजवत आणि मागे भोकांचा पुठ्ठा लावत. माझ्या सेटवर एक नॉब नंतर बसवलेला, धातूचा होता. पुठ्ठा तर नव्हताच.

मी सुट्या भागांसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो, तेव्हा तिथल्या एका वयस्कर दुकानदारांनी यादी पाहून एवढेच विचारले, “काका, डिस्चार्ज कशाने करता?” स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करतो, असे सांगायची मला लाज वाटली, कारण त्याने ठिणगी उडते आणि कंडेन्सरही दुखावतो. आता मी १० किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवला आहे. काही सेकंदांत काम होते, पण मल्टिमीटरवर दाब उतरलेला पाहिल्याखेरीज मी हात घालत नाही. सेटच्या वाटेत एक बल्ब जोडणारा सिरीज बोर्ड वापरतोच. मात्र त्याच्यावर अनेकांचा असतो तेवढा विश्वास माझा नाही. तो सेटला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही, आणि त्याने चॅसी मेन्सपासून वेगळीही होत नाही. त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा. घरातला ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा खटका, या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय घडते ते पाहू शकत नाही, आणि भरलेल्या कंडेन्सरपुढे तर त्याचा काहीच उपयोग नसतो.

सेटच्या जिवाविषयी एकच गोष्ट सांगतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडकडे, म्हणजे त्यातला प्रवाह आवरणाऱ्या जाळीकडे, जाणारा कागदी कंडेन्सर मी मीटरवर चांगला दिसला तरी बदलतोच. मीटर त्याला काही व्होल्टवर तपासतो, सेटमध्ये त्याच्यावर १०० व्होल्ट पडतात. तिथे त्यातून २० मेगओहमच्या रेझिस्टरमधून जाईल इतकी जरी वीज गळली आणि ग्रिडचा रेझिस्टर १ मेगओहमचा असला, तरी ऋण असायला हवा तो ग्रिड जवळजवळ ५ व्होल्ट धन होतो, व्हॉल्व्ह लाल होतो आणि त्याच्यामागून स्पीकरकडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

डायोड काढून मी पुन्हा यूवाय ८५ बसवला, नॉब बेकेलाइटचा लावला आणि त्याच्या भोकात देवघरातल्या मेणबत्तीचे मेण ओतले. डायलची काच मात्र कुठेच मिळाली नाही. तिच्यावरचे आकडे मीटरमध्ये आहेत. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ३७९ मीटर, आणि तडा नेमका ३५० व ४०० यांच्या मधून गेला आहे. त्यामुळे आमचे पुणे केंद्र काटा पाहून नव्हे, तर कानानेच लावावे लागते.