औषधाचं पाकीट भरायला शिकताना

डी.फार्मची (फार्मसीच्या डिप्लोमाची) दोन वर्षं झाली की 500 तासांचं ट्रेनिंग करावं लागतं, मी ते आमच्या तालुक्यातल्या एका मेडिकलवर केलं. मला वाटलेलं पाकीट भरणं म्हणजे काय, गोळ्या टाका, वर 1-0-1 लिहा (म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक), द्या. पहिल्या आठवड्यात सरांनी माझ्या हातात कात्री दिली आणि स्ट्रिप कशी कापायची हेच दोन दिवस शिकवलं. खरंच. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बऱ्याचदा स्ट्रिपच्या एकाच टोकाला असते, आपण गिऱ्हाइकाला चार गोळ्या देताना ते टोक कापून दिलं की उरलेल्या सहा गोळ्या कधीच्या आहेत ते कुणालाच कळत नाही, म्हणून कापायचं नेहमी दुसऱ्या टोकाकडून, आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर बॅच, एक्स्पायरी हाताने लिहायची. बिलावर असते हो, पण बिल कोण जपून ठेवतं!

बाकी गोष्टी पटापट जमल्या. इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीला, लांब जायचं असेल तर आईस पॅकसोबत पण मध्ये कागद किंवा कापड घालून, कारण गोठलं की ते वाया गेलं. अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपमध्ये, म्हणजे बाटलीतल्या पावडरीत, उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत, आणि बाटलीवर कालवल्याची तारीख.

घोळ झाला तो संधिवाताच्या एका आजींच्या औषधात. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सोबत फॉलिक ॲसिड, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून रोज. आमच्याकडे होत्या त्या दोन्ही गोळ्या बारीक आणि पिवळ्या. संध्याकाळची गर्दी, काउंटरवर पाच-सहा जण, मी सवयीने दोन्ही पाकिटांवर 1-0-0 लिहून मोकळी झाले. सर प्रत्येक पाकीट चिठ्ठीशी ताडून बघतात म्हणून वाचले. ते ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "अगं, ही गोळी रोज घेतली तर रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंडात फोड येतात, माणूस जाऊ शकतो." माझे हातपाय गार पडले.

मी नवीन पाकीट घेऊन लाल पेनाने मोठ्ठं लिहिलं, "आठवड्यातून एकदाच". आजी शांतपणे म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतंय बाळा." मग सरांनी विचारलं, आजी तुमच्या गावचा बाजार कधी असतो? गुरुवारी. ठरलं, ही गोळी फक्त बाजाराच्या दिवशी, दुसरी त्या दिवशी घ्यायची नाही. लाल पाकिटात चारच गोळ्या दिल्या, महिन्याच्या, आणि सरांनी आजींकडून ते परत वदवून घेतलं. मी आपली खूश, काय भारी आयडिया!

महिन्याने आजी आल्या, लाल पाकीट पिशवीतून काढून समोर ठेवलं. आत एक गोळी शिल्लक. विचारलं तर म्हणाल्या, "एका गुरवारी पाऊस लई, बाजारच न्हाई भरला."

सरांनी डॉक्टरांना फोन लावला आणि मला म्हणाले, पाकिटावर आता सुनेचा नंबर लिहून घे.