प्रत्येक वेळी 'नक्की' म्हणून भागत नाही

गेल्या महिन्यात कॉलवर आमचा लंडनचा क्लायंट म्हणाला, 'इट्स बाउंड टू ब्रेक', आणि टीममधल्या नवीन मुलीनं लगेच चॅटवर विचारलं, ताई, बाउंड म्हणजे बांधलेलं ना, मग काय बांधलंय? प्रश्न अगदी रास्त होता, कारण शाळेत आपण सुट्टे शब्द पाठ करतो, असे वाक्प्रचार कुणी समजावून सांगतच नाही. मी लिहिलं, 'मोडणारच आहे ते'. आपला तो 'च' आहे ना, तोच बाउंड टू.

मग मी तिला 'हे होणारच' असं सांगणारे अजून चारपाच इंग्रजी वाक्प्रचार सांगितले. 'मार्क माय वर्ड्स' म्हणजे सरळ आपलं 'लिहून ठेव'. 'इट्स इन द बॅग' म्हणजे अजून निकाल लागायचाय पण मॅच खिशात आल्यातच जमा. 'फॉरगॉन कन्क्लूजन' म्हणजे माणूस आधीच ठरलाय, इंटरव्ह्यू नुसती फॉरमॅलिटी.

पण मला खरी काळजी वाटते ती 'रायटिंग ऑन द वॉल'ची. प्रमोशन मिळणार म्हणूनही लोक हे वापरतात आणि समोरचा गोंधळतो, कारण हे फक्त वाईटासाठीच आहे. बायबलमध्ये दानीएलच्या पुस्तकात बेलशस्सर राजाची मेजवानी चालू असते, अचानक एक हात उमटतो आणि भिंतीवर काहीतरी लिहून जातो, कुणालाच वाचता येत नाही, शेवटी दानीएल अर्थ सांगतो की राजा, तुझे दिवस भरले, आणि त्याच रात्री राजा मारला जातो. 'दिवस भरलेत', इतकं चपखल मराठी आपल्याकडे आहे!

'डेथ अँड टॅक्सेस' पण तिला सांगितलं. १७८९ मध्ये अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं फ्रान्सच्या मित्राला लिहिलं होतं की आमची नवी राज्यघटना टिकेलसं दिसतंय, पण या जगात मरण आणि कर सोडले तर खात्रीचं काहीच नाही. म्हण त्याच्याही आधीची आहे, पण सगळ्यांना त्याचीच म्हणून माहितीये.

काल तिचा परत मेसेज, ताई, क्लायंटनं 'ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम' लिहिलंय, हे पण वाईटच का? म्हटलं नाही गं, हे दोन्हीकडे चालतं, सर्व्हर पडणार असेल तरी आणि तुझा व्हिसा येणार असेल तरी, आज ना उद्या होणारच, फक्त कधी ते माहीत नाही.